अण्णा अभंग अख्खा म्हणतात पण "पाणी" म्हणता येत नाही, असं का होतं?

कोपरखैरणेकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, प्लीज. माझे वडील, आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, मूळ गाव साताऱ्याकडे, सगळं आयुष्य वाशीच्या कांदा बटाटा मार्केटला माथाडी म्हणून गेलं. दिवाळीच्या आधी सकाळी उठले तेच उजवा हात पाय लुळा आणि तोंड वाकडं. झोपेत झालं असणार, नक्की वेळ कोणालाच माहीत नाही, त्यामुळे डॉक्टर म्हणाले गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूच्या एमसीए टेरिटरीत इन्फार्क्ट लिहिलंय, म्हणजे त्या नावाच्या रक्तवाहिनीतून रक्त न पोचल्याने मेंदूचा तेवढा भाग मेलाय. आता घरी आहेत, काठी घेऊन निसर्ग उद्यानापर्यंत हळूहळू चालतात पण हात अजून काहीच करत नाही.

खरा प्रश्न बोलण्याचा आहे. अण्णांना एकच शब्द येतो, "तेच". पाणी पाहिजे तरी तेच, राग आला तरी तेच, नातवाला जवळ बोलवायचं तरी तेच तेच. आवाजाचा चढउतार बरोबर असतो, रागावले की रागावल्यासारखंच ऐकू येतं. आणि गेल्या एकादशीला भजनी मंडळातली माणसं घरी आली, पेटी सुरू झाली आणि अण्णांनी अख्खा अभंग म्हटला! शब्द न शब्द. आम्ही सगळे रडायला लागलो. आईला वाटलं वाचा परत आली. भजन संपल्यावर तिने विचारलं चहा घेणार का, तर परत "तेच".

त्या दिवसापासून घरात वेगळंच सुरू झालंय. आत्या म्हणते गाता येतं म्हणजे बोलताही येतं, हा मुद्दाम करतो, हट्टी आहे लहानपणापासून. पाटी दिली डाव्या हातात, लिहा म्हटलं तर नुसत्या रेघोट्या. त्यावरून पण बोलणी खाल्ली त्यांनी. आणि अजून एक, जांभई आली की तोच लुळा हात आपोआप वर उचलला जातो, मी स्वतः पाहिलंय, जांभई संपली की परत खाली. म्हणजे आता हातही मुद्दाम हलवत नाहीत असं पाहुणे म्हणायला लागलेत.

मला एवढंच कळून घ्यायचंय की मेंदूत असं नक्की काय असतं की एकाच तोंडातून गाणं येतं आणि बोलणं येत नाही. आईला आणि आत्याला नीट समजावता आलं पाहिजे.

हातपाय_फिजिओ (ठाणे)

दादा, आधी एक सांगतो, तुमचे अण्णा नाटक करत नाहीयेत. तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट, तेच तेच, अभंग, पाटी, जांभई, सगळी एकमेकांत बसते. मी नौपाड्यात प्रॅक्टिस करतो आणि हे घराघरात बघतो, आणि दर घरात एक तरी आत्या असतेच जी म्हणते मुद्दाम करतोय, त्यांचाही दोष नाही, दिसायला ते तसंच दिसतं.

बोलण्याचं कोणीतरी त्यातला माणूस सांगेल, मी हातापायाचं सांगतो. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. हालचालीचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून निघतो आणि खाली मेड्युलात, मान सुरू होते त्याच्या जरा वर, जवळजवळ ९० टक्के धागे बाजू बदलतात. म्हणून डावीकडे इन्फार्क्ट आणि उजवीकडे लकवा.

पाय आधी सुधारला आणि हात नाही, याचंही कारण आहे. कॉर्टेक्सवर प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते, हात आणि चेहरा बाहेरच्या बाजूला, पाय मधल्या फटीत आतल्या अंगाला. जागा अवयवाच्या आकारावर मिळत नाही, कामाच्या नाजूकपणावर मिळते, त्यामुळे बोटं आणि ओठ यांचा पसारा पाठीपेक्षा कितीतरी मोठा असतो. कॅनडात पेनफिल्ड नावाच्या सर्जनने जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन हा नकाशा काढला, १९३७ मध्ये छापून आला. आता एमसीए म्हणजे जी रक्तवाहिनी अण्णांची बंद झाली ती नेमकी बाहेरची बाजू जगवते, हात, चेहरा आणि डावीकडे असली तर भाषा. पायाच्या जागेला दुसरी वाहिनी रक्त देते, ती शाबूत आहे. म्हणून चालतायत.

जांभईचं. कॉर्टेक्सचा रस्ता तुटला तरी हाताचे स्नायू, हातातल्या नसा, मणक्यातल्या पेशी सगळं जागच्या जागी आहे. जांभई मुद्दाम ठरवून देत नाही आपण, ती खाली ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, आणि त्याच्या आसपासच्या जुन्या भागांतून येते, आणि तिथून मणक्यापर्यंत वेगळे धागे जातात, त्यांच्यामार्फतच हात उचलला जातो असं मानतात. डॉक्टर लोकांमध्ये हे माहीत असलेलं लक्षण आहे. "हात वर करा" हा हुकूम मात्र कॉर्टेक्सच्याच रस्त्याने यावा लागतो आणि तोच बंद आहे. त्यामुळे जांभईत उचललेला हात बघून हात बरा झाला असं समजू नका आणि त्यावरून त्यांना टोचून तर अजिबात बोलू नका.

हसण्याचं पण बघा घरी. "दात दाखवा" म्हटलं तर उजवा कोपरा खाली राहील. नातवाने काही गंमत केली आणि खरंच हसू आलं तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या उचलल्या जातील. एकच चेहरा, तेच स्नायू, रस्ते दोन.

शब्दसाधना

मी स्पीच थेरपिस्ट आहे, ऐरोलीत राहते. फिजिओ सरांनी शेवटी जे लिहिलंय ना, तेच स्नायू रस्ते दोन, ते बोलण्याला पण तंतोतंत लागू आहे.

याला अफेजिया म्हणतात. तोंड, जीभ, घसा यांचा हा आजार नाही, भाषेचा आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा मुख्यतः डाव्या मेंदूत असते. मनातला विचार घेऊन त्याला शब्द शोधायचा, शब्दांची जुळणी करायची, आणि मग ओठजिभेला कोणत्या क्रमाने हलायचं ते सांगायचं, हे सगळं काम कपाळाच्या डाव्या बाजूच्या मागे आणि कानाच्या वरच्या पट्ट्यात होतं. पाटीवर लिहिता येत नाही ते यामुळेच! डावा हात चांगला आहे पण लिहायला शब्द तर मिळाला पाहिजे, तो मिळतच नाहीये. पाटी पुढे करून "लिहा ना" म्हणणं हे त्या माणसाला फार अपमानाचं वाटतं, कृपया बंद करा ते. मुळात मुद्दाम न बोलणाऱ्या माणसाने निदान लिहून तरी सांगितलं असतं की हो, हे आत्याबाईंना विचारा.

"तेच तेच" वरून सांगते, आमच्या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली केस हीच आहे. पॅरिसजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये लबोर्न्य नावाचा माणूस होता, त्याला बरीच वर्षं फक्त "तां" एवढंच बोलता यायचं, लोक त्याला तांच म्हणायचे. समजायचं मात्र बरंच. १८६१ मध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी सापडली. त्या जागेला आज ब्रोकाचा भाग म्हणतात. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलटे पेशंट मांडले, घडाघडा बोलतात पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं समजत नाही, त्यांची खराबी मागे, कानाच्या वर. अण्णा समजून घेतात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, पण लांबलचक वाक्यं, एकदम दोनतीन जण बोलत असले की निसटत असणार, तेवढं लक्षात ठेवा.

आता अभंग. जी गोष्ट हजारदा म्हटलेली असते ती आपण शब्द शोधून म्हणत नाही, ती एकसंध बाहेर येते. आरती, पाढे, वारांची नावं, एक ते दहा आकडे, आणि हो, शिव्या पण. घरच्यांना धक्का बसतो, एवढे सोज्वळ बाबा आणि बोलणं गेलं पण शिवी स्पष्ट येते! त्यात पेशंटचा काही दोष नसतो. हे असं ठरून गेलेलं बोलणं आणि चाल, सूर हे बरंचसं उजव्या मेंदूवर आणि आत खोलवरच्या बेसल गँग्लियावर चालतं. अण्णांचा उजवा मेंदू धडधाकट आहे, आवाजातला राग, लाड बरोबर ऐकू येतात ते पण त्याचमुळे. पेटीचा सूर, टाळ, आजूबाजूला पन्नास वर्षांची ओळखीची माणसं, पहिली ओळ कानावर पडली आणि पुढचं आपोआप आलं. अण्णांना तोच अभंग "बोलून दाखवा" म्हणा, चालीशिवाय, बहुतेक अडकतील. किंवा मधल्या कडव्यातला एक शब्द वेगळा विचारा, नाही येणार.

म्हणून आईंना सांगा की वाचा परत आली असंही नाही आणि गेली असंही नाही.

यावरच बेतलेली एक थेरपी आहे, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टर-थेरपिस्टनी मांडली. नुसती भजनं म्हणून बोलणं सुधारत नाही हे स्पष्ट सांगते कारण खूप घरी तेवढंच करत बसतात. रोजच्या गरजेची दोन तीन शब्दांची वाक्यं घ्यायची, "पाणी दे", "चहा हवा", "आत नको", ती दोन सुरांत, लांबवून म्हणायची, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटचा डावा हात आपल्या हातात धरून मांडीवर ताल द्यायचा. आधी बरोबर म्हणायचं, मग आपण अर्ध्यात थांबायचं आणि त्यांनी पूर्ण करायचं, मग हळूहळू चाल कमी करत साध्या बोलण्याकडे आणायचं. अण्णांच्या हाताला टाळाचा ताल आहेच, हे तुमच्या फार उपयोगाचं आहे. पण सुरुवात थेरपिस्टकडूनच करून घ्या. बांद्रा पश्चिमेला रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचा स्पीच विभाग आहे. वाशीहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून बांद्र्याला जाता येतं, दुपारची गर्दी कमी असते तेव्हा न्या.

सातारकर

भावा, आमच्या गावाकडे लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात, पुष्कळ जण जातात. आणि मी ऐकलंय की माणूस मेंदू १० टक्केच वापरतो, तर बाकीचा जो झोपलेला आहे तो जागा केला की काम होतं, त्याचे कोर्स पण असतात. बघ विचार करून, वडिलांसाठी वाटेल ते करावं माणसाने.

कळवा_एमबीबीएस

सातारकर दादा, भावना कळली, पण हे दोन्ही नका सुचवू. रक्त कातडीवर चोळून कातडीच्या आत काही जात नाही आणि बिघाड हातात नाहीच आहे, डोक्यात आहे. अण्णांच्या हाताला चांगलं मालिश मिळालं तरी तुटलेला रस्ता कवटीच्या आत आहे. शिवाय तो दिवस फिजिओचा बुडतो.

१० टक्क्यांचं तर कुठून आलं कोणास ठाऊक पण खरं नाही. मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या २ टक्के, आणि ऊर्जा खातो जवळजवळ २० टक्के. झोपेतसुद्धा. ९० टक्के रिकामा पडलेला असता तर अण्णांच्या एवढ्याशा जागेला रक्त बंद झाल्यावर एवढं काही गेलंच नसतं. पेशी सुमारे ८६ अब्ज असतात, त्यातल्या ६९ अब्जच्या आसपास तर मागच्या छोट्या मेंदूत, सेरेबेलममध्येच, जो तोल आणि हालचालीचा सफाईदारपणा सांभाळतो. साखर किंवा ऑक्सिजन साठवून ठेवायची सोय मेंदूत जवळजवळ नाही, म्हणून काही मिनिटं रक्त थांबलं की पेशी मरायला लागतात. मोठी वाहिनी बंद असेल तर उपचाराशिवाय दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला होता. वाचणाऱ्या बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा, तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब सीटी असलेल्या हॉस्पिटलला, इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांची असते.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. फिजिओ सरांनी धागे बाजू बदलतात लिहिलंय, ते मी पुस्तकात वाचलं तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं. डिसेक्शन हॉलमध्ये मॅडमनी ब्रेनस्टेम हातात दिला, अंगठ्याएवढा जाड, पुढच्या बाजूला मध्ये एक उभी खाच आणि खाचेच्या दोन बाजूंना दोन उंचवटे, त्यांना पिरॅमिड म्हणतात. मॅडम म्हणाल्या खाच बोटांनी जरा फाकव. फाकवली तर खालच्या टोकाला धाग्यांचे जुडगे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकमेकांत गुंतून जाताना चक्क डोळ्यांनी दिसले. मायक्रोस्कोप नाही काही नाही. उजव्या हाताने केलेलं सगळं, लिहिणं, जेवणं, अण्णांनी खांद्यावर घेतलेली प्रत्येक गोणी, तेवढ्याशा जागेतून गेलेलं असतं. मी कितीतरी वेळ ते धरून उभा होतो.

तसंच कानाच्या वर मेंदूला एक खोल आडवी घडी असते, तिची वरची कड उचलली की आत एक लपलेला भाग दिसतो, इन्सुला, आणि त्याच्या अंगावरून एमसीएच्या फांद्या पसरलेल्या असतात. ब्रोकाचा भाग त्या घडीच्या वरच्या ओठाला, वेर्निकेचा मागे खालच्या बाजूला. दोन्हीला रक्त त्याच वाहिनीच्या फांद्यांतून. हे एकदा बघितलं की एका गुठळीने हात, चेहरा आणि भाषा एकदम का जातात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कोपरखैरणेकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आत्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं, पाटीचं ऐकल्यावर ती गप्प झाली आणि मग म्हणाली उद्या येते. हसण्याचं पण करून बघितलं, फिजिओ सर म्हणाले तसंच झालं, पोराने मिशी काढून दाखवली तर अण्णा दोन्ही बाजूंनी हसले!

एक विचारतो, आधी हात एकदम सैल होता, उचलून ठेवला की पडायचा. आता उलट मूठ आवळली जाते, कोपर वाकतो, सरळ करताना ताकद लावावी लागते. हे सुधारतंय की बिघडतंय? आणि मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत म्हणतात तर मग व्यायामाने नक्की होतं काय?

हातपाय_फिजिओ (ठाणे)

याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. मणक्यातल्या पेशींचं स्वतःचं एक चक्र असतं, स्नायू ताणला की तो आकसायचा, डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात ते हेच. मेंदू एरवी वरून त्याला आवर घालत असतो. तो आवर गेला की सुरुवातीला सगळं सुन्न, आणि काही आठवड्यांनी मणका स्वतःच्या मनाने स्नायू घट्ट करायला लागतो. त्यामुळे ही नवीन दुखापत नाही, पण दुर्लक्ष केलं तर सांधा तसाच आखडून बसतो. रोज हळू, न झटकता, बोटं आधी मग मनगट मग कोपर असं सरळ करून थोडा वेळ धरून ठेवा. बॉल दाबायला देतात लोक, इतकी आवळलेली मूठ असताना ते नका देऊ, ती अजून आवळायला शिकते. खूपच घट्ट झालं तर गोळ्या आणि बोटॉक्सची इंजेक्शनं असतात, न्यूरोलॉजिस्टना विचारा.

आणि महत्त्वाचं, उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा उतरतो. काखेत हात घालून किंवा कंबरेच्या पट्ट्याला धरून उठवा.

पेशींचं खरं आहे, मेलेल्या भागात नवीन पेशी उगवून ती जागा भरत नाही. हातापायाची नस कापली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, मेंदू आणि मणक्यात तसं होत नाही. पण शेजारच्या जिवंत पेशी आपल्या जोडण्या बदलतात. ऐरोलीचा पूल बंद ठेवला की गाड्या वाशी पुलाने जातात, वेळ लागतो पण पोचतात, तसं समजा. मात्र गाड्या सोडल्या तरच तो रस्ता वापरात येतो. १९९६ मध्ये अमेरिकेत नुडो नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर दाखवलं, हाताच्या जागेत छोटी इजा केल्यावर ज्यांच्याकडून बोटांचा सराव करून घेतला त्यांची उरलेली हाताची जागा टिकली, काहींची तर खांदा कोपराच्या जागेत पसरली. सराव न दिलेल्यांची उरलेली जागाही आक्रसत गेली होती. म्हणून म्हणतो, पहिले तीन ते सहा महिने सगळ्यात जास्त मिळतं, ते वाया घालवू नका. त्यानंतरही बंद होत नाही, वेग कमी होतो.

वर्तकनगर_काकू

बाळा, माझ्या मिस्टरांना हेच झालंय, बरीच वर्षं झाली आता. डॉक्टरी मला कळत नाही, घरातलं सांगते.

एक, कोणी भेटायला आलं की ओरडून बोलतात, जसं काही ऐकू येत नाही. आल्या आल्या दारातच सांगायचं, कान चांगले आहेत, हळू आणि एकेक वाक्य बोला. टीव्ही बंद करायचा. दोन, प्रश्न असा विचार की हो नाही मध्ये उत्तर मिळेल, आणि "हो" "नाही" साठी अंगठा वर खाली ठरवून घे. "काय पाहिजे" विचारलं की हे घामाघूम व्हायचे, "चहा पाहिजे?" विचारलं की झालं. तीन, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, त्यांचं ताट, बाथरूमचं दार, चष्मा, औषधाची डबी, पोरांचे चेहरे, पंखा. बोट ठेवतात आणि काम होतं. चार, ते शब्द शोधत असले की थांब. मनात वीस आकडे मोज पण तोंडात शब्द घालू नको, मला हे जमायला खूप वेळ लागला, आपल्यालाच बघवत नाही ना.

ह्यांना आधी शब्द हिंदीतले आले, मराठी नंतर, कंपनीत सगळं हिंदी चालायचं म्हणून असेल. कोणतीही भाषा येऊ दे, येऊ दे.

आणि आईकडे लक्ष दे. माणूस समोर असतो आणि गप्पा मारायला नसतो, ते फार अवघड जातं. माझी बहीण आठवड्यातून एकदा येऊन ह्यांच्यापाशी बसायची आणि मी उपवनला चक्कर मारून यायचे, तेवढ्यावर मी टिकले. आत्या येते म्हणाली ना, तिला हे काम दे.

कोपरखैरणेकर

काकू, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली यांचा नंबर घे. फोटो आजच काढतो. आत्याला रविवार देतोय.

शब्दसाधना ताई, बांद्र्याची वेळ घेतो. एक राहिलं, पाणी पिताना अण्णांना मधून मधून ठसका लागतो, जेवताना नाही, फक्त पाण्याला. त्याचा याच्याशी संबंध आहे का? चहा बशीत ओतून देतोय सध्या.

शब्दसाधना

आहे, आणि बरं झालं विचारलंत, हे बोलण्याच्या आधी बघायला हवं. गिळताना घशाने श्वासाचा मार्ग क्षणभर बंद करायचा असतो, स्ट्रोकनंतर ते उशिरा होतं. जाड पदार्थ सावकाश सरकतो म्हणून चालतं, पाणी पटकन घसरतं आणि श्वासनलिकेकडे जातं. त्यातून छातीत इन्फेक्शन होतं, काहींना तर ठसकासुद्धा न लागता जातं, त्यामुळे ताप आला किंवा आवाज ओला, घरघरल्यासारखा वाटला तर लगेच डॉक्टरांकडे.

तोपर्यंत खुर्चीत पूर्ण सरळ बसवा, पलंगावर टेकून नको. चमच्याने किंवा लहान घोट, एक घोट गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. मान मागे टाकून भांड्याने वरून पाणी पिण्याची आपली सवय असते ती पूर्ण बंद. जेवताना त्यांच्याशी बोलू नका, भजनही लावू नका, ते म्हणायला जातील. खाऊन झाल्यावर उजव्या गालात घास अडकलाय का बोट फिरवून बघा, त्यांना त्या बाजूचं कळत नसेल. बशीतला चहा चालेल पण फुरका नको, चमच्यानेच. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, पण ती लागेल का आणि किती, ते गिळण्याची तपासणी झाल्यावरच. बांद्र्याला वेळ घेताना बोलण्यासोबत गिळण्याचंही बघायचंय असं फोनवरच सांगा, आणि जाताना एमआरआयची फाइल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.